पाळणीतला पेपर

मी वर्गात मुलांना उंचीप्रमाणे बसवते. बुटकी पुढं, उंच मागं. कोण कुणाशेजारी बसणार नाही याची भांडणं ऐकून पहिल्याच वर्षी माझं डोकं उठलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. उंचीबद्दल ज्याला तक्रार असेल त्यानं ती आपल्या आईबापाकडे करावी, मी फक्त गणित शिकवते.

माझं माहेर तापीकाठचं, प्रकाशाच्या बाजूचं. घरात अहिराणी, शाळेत मराठी, अशी वाढलेली मी. नोकरी मिळाली ती अक्कलकुव्याहून वर, सातपुड्याच्या चढावरच्या निवासी शाळेत. इथली मुलं घरी भिली बोलतात. पहिली दोन वर्षं ती माझ्यासमोर आपापसात काय बोलतात ते मला कळत नव्हतं. नंतर थोडंफार कळायला लागलं आणि माझी झोप कमी झाली.

मुलांच्या अंगावर नाना खुणा असायच्या. कुणाच्या मनगटाला लाल गंडा, कुणाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला ताईत, तालुक्याला राहून आलेल्या एखाद्याच्या कपाळावर टिळा. ख्रिस्ती घरातल्या मुलांच्या गळ्यात प्लास्टिकचा क्रॉस, तोही बहुधा सदऱ्याच्या आत. डोंगरावरच्या जुन्या रीतीच्या घरांतली मुलं मात्र मोकळ्या गळ्यानं यायची. त्यांचे देव डोंगरात, शेतात, कणग्यात. दोऱ्यात ओवून आणण्यासारखे नव्हते. बरीच वर्षं या खुणांकडे कुणी बघत नव्हतं. कबड्डीत एखाद्याचा ताईत तुटला तर सगळे मिळून मातीत शोधायचे.

मग एका दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं परत आली ती वेगळीच. मधल्या काळात गावोगाव सभा झाल्या होत्या. खरा आदिवासी कोण आणि कोण नाही, कुणाला सवलत असावी आणि कुणाला नसावी, यावर भोंगे लावून भाषणं झाली होती. मोबाईलवर तेच. मोठ्या माणसांचं भांडण पोरांनी कपड्यांच्या पिशवीत घालून वसतिगृहात आणलं. जेवणाच्या हॉलमध्ये दोन रांगा पडल्या. ख्रिस्ती मुलं जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायची. अंड्याच्या दिवशी त्यांचे डोळे मिटले की ताटातली अंडी गायब होऊ लागली. चार-सहा दिवसांनी मी बघते तो सगळी प्रार्थना एक डोळा उघडा ठेवून चाललेली. मला हसू आलं आणि रागही आला. मी दोन्ही रांगांना मिळून उठाबशा काढायला लावल्या. त्यानं अंड्यांची चोरी थांबली. रांगा दोनच राहिल्या.

त्या वर्षी नववीच्या वर्गातले सर्वांत उंच दोघे शेवटच्या बाकावर शेजारी आले. एक होता अगदी वरच्या पाड्यातला, जुन्या रीतीच्या घरातला. त्याचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे आणि होळीला परतायचे. अबोल पोरगा, पण भूमितीत असा चालायचा की मी फळ्यावर आकृती काढायच्या आत उत्तर तयार. दुसरा होता शाळेच्या खालच्या पाड्यातल्या पास्टरचा मुलगा. तोंडाळ, हजरजबाबी, गणितात यथातथाच. दोघांचं आडनाव एक, कूळ एक, बोली एक. त्यांचे आजे एकाच होळीत नाचलेले. आता घरं एकमेकांकडे जात नव्हती. हा त्याला ‘बुध्या’ म्हणायचा आणि तो याला ‘पाद्री’. दोघांत मिळून एकच कंपासपेटी होती, त्यामुळे बोलणं बंद करायची सोय नव्हती.

बुध्या म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, पण मला माहीत नव्हतं, तेव्हा सांगते. घरात कुणी मरणाच्या दारातून परत आलं की नवस बोलतात आणि घरातला एक पुरुष होळीला बुध्या बनतो. अंगभर राखेची नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. नाच लोकांना दिसतो. पाळणी दिसत नाही. ती सुरू झाल्यापासून होळीनंतरचे मेळे संपेपर्यंत आंघोळ नाही, पायात चप्पल नाही, खाटेवर किंवा जमिनीपासून उंच कशावरही बसायचं-झोपायचं नाही, बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. पाळणी मोडली तर नवस मोडला. किती दिवस आणि काय काय, हे गावागणिक थोडं वेगळं. पण मोडायची मुभा कुठल्याच गावात नाही.

या अबोल पोराच्या धाकट्या बहिणीला ऊसतोडीच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, काविळीनं गाठलं होतं. वाचणार नाही म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेली पोर वाचली. आईनं नवस बोलला होता की भाऊ पाच होळ्या बुध्या बनेल. नववीत असताना त्याची पहिली होळी होती.

इथं आमच्या शाळेनं घोटाळा केला. होळीला घरी गेलेली मुलं आठ-आठ दिवस परतत नाहीत म्हणून मुख्याध्यापकांनी निरोप धाडला होता की होळीच्या तिसऱ्या दिवशी जो नसेल त्याचं नाव कमी होईल. “आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास,” असं ते दरवर्षी म्हणायचे. निरोप ऐकून पोरगा पाळणी अंगावर घेऊनच आला. फरशीवर झोपला, घरच्या भाकरी खाल्ल्या, कुणाला काही सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी वसतिगृहाच्या अधीक्षकांची स्वच्छतेची तपासणी होती. तेव्हा खरजेची साथ नुकतीच हटली होती आणि अधीक्षक नखंसुद्धा भिंगातून बघतील अशा बेतात होते. पास्टरच्या मुलानं हसत हसत रांगेतून सांगितलं, “सर, याच्या अंगाला वास येतो. यानं आंघोळच केली नाही.”

अधीक्षकांनी त्याला नळाखाली उभा केला आणि साबण हातात दिला. तो घेईना तेव्हा स्वतः बादलीभर पाणी ओतलं. मुलं हसली. सरांना पाळणी माहीत नव्हती, तेही माझ्यासारखेच मैदानातले. मी पोचले तेव्हा पोरगा ओल्या कपड्यांत निंबाखाली बसला होता. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

आई तिसऱ्या दिवशी आली, जीपनं. आरडाओरडा करील म्हणून आम्ही सगळे ऑफिसात जमलो होतो. ती फाटकाशी खाली बसली आणि हळू आवाजात भिलीत बोलू लागली. मला अर्धंमुर्धं कळत होतं, मुख्याध्यापकांना तेवढंही नाही. भाषांतर करायला कुणाला तरी बोलवा म्हटलं, तर शिपाई जो पहिला दिसला त्याला घेऊन आला. तो होता पास्टरचा मुलगा. बाई बोलायची, थांबायची, हा मराठीत सांगायचा.

“ती म्हणते, मुलगी मेली होती. देवानं परत दिली.”

“ती म्हणते, मी पाच होळ्या बोलले होते.”

मग बाई काहीतरी म्हणाली आणि हा गप्प झाला. मुख्याध्यापकांनी विचारलं, काय म्हणते? तो बुटाच्या टोकाकडे बघत राहिला. मी दरडावलं, “सांग की, काय म्हणाली?”

“ती म्हणते, आता ही होळी मोजायची नाही. पुढच्या वर्षी पहिल्यापासून. आणि तोपर्यंत मुलीला काही झालं तर कुणाच्या माथी, ते तुम्ही सांगा.”

 अधीक्षक खरंच कळवळले, त्यांनी हात जोडले. बाई उठून निघून गेली. त्यानंतर पास्टरचा मुलगा वर्गात बरेच दिवस कमी बोलायचा. त्यानं मित्राची माफी मागितली का, मला माहीत नाही. पोरं असल्या गोष्टी आपल्यासमोर करत नाहीत.

दहावीचं वर्ष आलं. उंचीत दोघांना कुणी मागं टाकलं नाही, त्यामुळे बाक तोच राहिला. आता नवस, पाळणी सगळं मला ठाऊक होतं, पण वेळापत्रक हातात पडलं तेव्हा मी त्यात फक्त गणिताचे दोन पेपर बघितले. होळी बघितली नाही. परीक्षेचं केंद्र अक्कलकुव्याच्या एका शाळेत होतं. मुलांना रोज जीपनं न्यायचं, आणायचं. भूमितीचा पेपर देऊन हा पोरगा बाहेर आला तो चक्क हसत. मला मनात वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

विज्ञानाचा दुसरा पेपर झाला त्या दुपारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला न्यायला त्याचा काका आला होता, लांब चिंचेखाली थांबलेला.

“मॅडम, पुढच्या दोन पेपरला मी येणार नाही.”

“का?”

“उद्यापासून पाळणी.”

शनिवारी इतिहास, सोमवारी भूगोल, आणि त्याआधी, उद्याच गुरुवारी, होळी. मी त्याच्यावर इतकी ओरडले की चिंचेखालचा काका दोन पावलं पुढं आला. मला नवसाचा राग नव्हता. मला दिसत होतं ते एवढंच की इतिहास-भूगोल मिळून एकच विषय, तो राहिला की हा नापास. आणि नापास झालेलं पोर जुलैच्या परीक्षेला येतं ही कागदावरची गोष्ट. जुलैत पेरणी, दिवाळीनंतर ऊस. माझ्या हातून गेलेल्या एकाही पोराला मी उसाच्या फडातून परत आलेलं पाहिलं नव्हतं. याला तालुक्याच्या आयटीआयला जायचं होतं, आणि तो गेला असता.

काका रागावला नाही. त्यानं शांतपणे सांगितलं, पाळणीत शाळेत जायला बंदी नाही, लिहायलाही नाही. बाकावर बसता येणार नाही. जमिनीवर बसवा, बाईचा हात लागू देऊ नका, मग खुशाल पेपर घ्या. गेल्या वर्षासारखं झालं तर मात्र त्याची आई आम्हाला जगू द्यायची नाही.

मी तडक केंद्रसंचालकांच्या खोलीत गेले. गृहस्थ नंदुरबारकडचे, कडक, पण बोलताना जीभ सैल झाली की अहिराणीवर यायचे. मी सगळं सांगितलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “मॅडम, आज हाऊ खाले बठी, सकाय दुसरा म्हनी माले झाडवर बठीसन पेपर लिखना शे. मंग मी काय करू?”

मग मीही मराठी सोडली. “सर, पोऱ्यानं वरीस वाया जाई ऱ्हायनं. बाकवरच बठा असं नियममा कोठे लिखेल शे? दखाडा माले.”

त्यांनी खरंच सूचनांचं पुस्तक चाळलं. नव्हतं लिहिलेलं. गेल्या साली पाय मोडलेल्या एकाला त्यांनी सतरंजीवर बसवलं होतं, तेही त्यांना आठवलं. शेवटी म्हणाले, बसवतो मागच्या कोपऱ्यात, पण मांडीवर पेपर घेऊन लिहायचं नाही. भरारी पथक आलं की पहिला संशय मांडीवर. पुढं ठेवून लिहायला काहीतरी बैठं आणा, हात आणि कागद सगळ्यांना दिसेल असं. तुमचं तुम्ही आणा, माझ्याकडे नाही.

सोपी गोष्ट वाटली. मुख्याध्यापकांच्या घरी चांगला उंच चौरंग होता. ते हो म्हणाले आणि संध्याकाळी पडेल आवाजात फोन आला, “घरी नको म्हणतात. पूजेचा आहे. मुलगा बिनआंघोळीचा, शिवाय आपल्यात नाही चालत.” कुणाच्यात काय चालतं, याची या वर्षात मला इतकी माहिती झाली होती की नवीन ऐकायची ताकद नव्हती. माझ्या स्वतःच्या खोलीत देव भिंतीवरच्या खिळ्याला. चौरंग कुठला असायला? सुताराकडे तयार काही नव्हतं आणि होळीला तो काम धरत नव्हता. शेवटी पत्र्याची पेटी ठेवू म्हटलं तर केंद्रसंचालक म्हणाले, पेटी नको, पेटीत काय आहे ते कोण बघणार.

मी हे सगळं फोनवर मोठमोठ्यानं बोलत होते आणि दारात पास्टरचा मुलगा उभा होता. शंका विचारायला आला होता.

“मी आणतो, मॅडम.”

“काय आणतोस?”

“आमच्याकडे आहे. बसून लिहायचं.”

“घरी विचार.”

“हो,” म्हणाला आणि पळाला.

शनिवारी सकाळी जीपमध्ये ते डेस्क होतं. सागवानी, बैठं, वरची फळी पुढं उतरती, चांगलं पॉलिश केलेलं. पुढच्या पाटीवर कोरलेला क्रॉस. त्यांच्या पत्र्याच्या चर्चमध्ये सगळे ताडपत्रीवर खालीच बसतात. पास्टरही खाली बसून, या डेस्कवर पुस्तक ठेवून बोलतो. मी क्रॉस बघितला, मुलाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

त्याचा मित्र परस्पर आला, काकासोबत चालत, अनवाणी. त्याला बघून फाटकाशी सगळे थबकले. गुरुवारी होळी नाचलेला. शाळेच्या सदऱ्याच्या कॉलरमधून आणि बाह्यांतून राखेचे ठिपके दिसत होते, पापण्यांवरसुद्धा राख. टोप, भोपळे, घुंगरं काकाकडे ठेवलेली. शहरातल्या पोरांनी खिदळायला सुरुवात केली, एकानं मोबाईल काढला. आमची मुलं, दोन्ही रांगांतली, त्याच्याभोवती चालू लागली. मुलींना त्यांनी आपण होऊन मागं राहायला सांगितलं. मी पुढं सरकले तर पास्टरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, तुम्ही पण लांब.” आजपर्यंत मला कुणा विद्यार्थ्यानं लांब हो म्हटलं नव्हतं. झाले लांब.

आत काय घडलं ते त्या वर्गावरच्या पर्यवेक्षक बाईंनी मला पेपर सुटल्यावर सांगितलं. उत्तरपत्रिका द्यायला त्या वाकल्या तर यानं झटकन हात मागं घेतला. त्यांना वाटलं हातात चिठ्ठी आहे. तेव्हा तीन-चार पोरं एकदम म्हणाली, “मॅडम, खाली ठेवा, तो उचलेल.” पुढं पुरवण्याही तशाच, फरशीवर ठेवून.

अर्ध्या तासानं भरारी पथक आलं. साहेब दारातून आत बघतात तो कोपऱ्यात जमिनीवर राख फासलेला पोरगा आणि त्याच्यापुढं क्रॉस. आधी कशावर हरकत घ्यावी हेच त्यांना कळेना. त्यांनी डेस्क उचलून खालून बघितलं, हात फिरवला, काही सापडलं नाही.

“मुलगा ख्रिश्चन आहे का?”

“नाही, सर.”

“मग हा क्रॉस?”

“उसना आणलाय, सर,” पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, परीक्षेच्या खोलीत धार्मिक चिन्ह चालणार नाही. बाईंनी विचारलं, पोराची राख धुवायला सांगू की काय?  साहेबांना दुसरी गोष्ट सुचली, “याचा बैठक क्रमांक कुठाय? क्रमांक दिसायला पाहिजे.” क्रमांक होता त्याच्या रिकाम्या बाकावर. साहेबांनी नवी चिठ्ठी लिहून घेतली, मागून भरपूर डिंक लावला आणि क्रॉसवर चिकटवून टाकली. एका दगडात दोन पक्षी मारून पथक पुढच्या केंद्राला गेलं. पोरगा या सगळ्यात मान वर न करता लिहीत होता, असं बाईंनी सांगितलं. मला हसू आवरेना. पेपर संपल्यावर त्यानं दहापैकी नऊ प्रश्न लिहिल्याचं लांबूनच ओरडून सांगितलं आणि काकाच्या मागं चालत पुढच्या गावच्या मेळ्याला गेला. मी फार खूश होते.

जीप भरली तरी पास्टरचा मुलगा चढेना. डेस्क खांद्यावर, चेहरा पांढरा.

“मॅडम, हे मी न विचारता आणलंय.”

वडील तीन दिवस नवापूरकडे प्रार्थनासभेला गेले होते. आईला यानं सांगितलं होतं की डेस्कचा पाय हलतोय, सुताराकडे नेतो. संध्याकाळी वडील परतणार, सकाळी रविवारची उपासना. होळीच्या नवसाविरुद्ध पास्टर दरवर्षी बोलायचा. त्यावरून त्याचा सख्खा भाऊ त्याच्याशी बोलत नव्हता, हे सगळ्या पाड्याला माहीत होतं.

“विचारायचं नाही?” मी भडकले.

“विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.”

“आणि सोमवारी?”

 डेस्क आज परत जाणार, पास्टर ते पुन्हा देणार नाही, आणि भूगोलाचा पेपर राहणार. ज्या विषयासाठी एवढी यातायात केली तो अर्धा सुटून अर्धा बुडणार. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मी म्हटलं, चल, मी येते.

आम्ही पोचलो तेव्हा पास्टर आलेला होता. काळासावळा, किडकिडीत माणूस, चर्चमध्ये ताडपत्री झटकत होता. आम्हाला डेस्कसह बघून त्यानं ताडपत्री खाली ठेवली. मी एका दमात सगळं सांगितलं. पोरगा, नवस, बाक, पथक. तो डेस्ककडे बघत ऐकत होता. वरच्या फळीवर कोपरांच्या जागी राखेचे दोन पट्टे उमटले होते. त्यानं त्यातल्या एकावर बोट फिरवलं.

“राख लावून ह्यावर हात ठेवले त्यानं?”

“हो.”

“ह्यावर मी देवाचं वचन ठेवतो, मॅडम.” आवाज चढला नव्हता. “तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला ही पाळणी पटते?”

“मला पटायचा प्रश्नच नाही, पास्टर. मला तो पास व्हायला पाहिजे.”

“आणि तुम्हाला सगळ्या तालुक्यात हेच मिळालं?”

चौरंगाची गोष्ट सांगायची मला लाज वाटली.  तेवढ्यात मुलगा खाली बसला. त्यानं अंगठा जिभेला लावून ओला केला आणि क्रॉसवरची चिठ्ठी खरवडायला लागला. डिंक पक्का वाळला होता. एक कोपरा निघाला, बाकी जागच्या जागी. तो मान खाली घालून खरवडत होता आणि तसाच बोलला.

“बाबा, गेल्या वर्षी सरांना मीच सांगितलं होतं. आंघोळीचं. माझ्यामुळे मोडली त्याची. त्याच्या आईचं बोलणं पण मीच मराठीत सांगितलं सगळ्यांना.”

पास्टरला हे माहीत नव्हतं.  मला वाटलं, आता याच्या कानाखाली बसते. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती, मुलाच्या नखाचा कागदावर आवाज येत होता. पास्टर त्याच्यासमोर ताडपत्रीवर बसला.

“त्याची बहीण कशी आहे?”

“बरी आहे. पाचवीत आहे.”

“पेपर झाले सगळे?”

“एक राहिला. सोमवारी, भूगोल.”

“नंबर हाच?”

“हाच.”

“मग खरवडतोस कशाला?”

मुलाला कळलं नाही, मलाही लगेच कळलं नाही. पास्टरनं निघालेला कोपरा अंगठ्यानं दाबून परत चिकटवला, आणि डेस्क उचलून माझ्या हातात दिलं.

“घेऊन जा, मॅडम. उद्या मी पुस्तक मांडीवर घेईन.”